रविवार मिळाला, पाचवी मागणी राहिली

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आज जेथे कोठे घेतले जाते तेथे ते रविवारच्या सुटीशी जोडूनच घेतले जाते. हे एका अर्थी न्याय्य आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवार पूर्वीच मिळालेला होता. परंतु मुंबईच्या गिरणी कामगाराला तो १८९० पर्यंत मिळाला नव्हता, आणि तो मिळवून देण्यात लोखंडे यांचा वाटा सर्वांत मोठा होता. तथापि, १८८४ मध्ये त्यांनी सरकारपुढे ज्या पाच मागण्या ठेवल्या त्यांत रविवार ही केवळ पहिली होती. पाचवी मागणी आज कोणाच्या फारशी स्मरणात नाही. काम करताना ज्या कामगाराला जबर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. मोडलेल्या शरीराचा खर्च त्या शरीराच्या धन्याने एकट्यानेच का सोसावा, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता. सार्वजनिक आरोग्यावरील तरतुदीला कात्री लावण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघते तेव्हा तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. म्हणून लोखंडे यांचे चरित्र, विशेषतः त्याचा शेवट, आज पुन्हा पाहण्यासारखा आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मधील, ठाण्याचा. घराणे मूळ पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातील आणि गरिबीचे. शिक्षण ठाण्यास इंग्रजी शाळेपर्यंत झाले आणि ते तेथेच थांबले. काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. भांडारपालाचे काम मोजणीचे. किती गाठी आल्या, किती सूत गेले, किती तेल खर्ची पडले याची नोंद ठेवायची. मालाची अशी काटेकोर मोजणी करणाऱ्या गिरणीत माणसाची मोजणी कोणीच करीत नाही, हे त्यांना तेथे दिसले असल्यास नवल नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली होती. पुढील पंचवीस-तीस वर्षांत गिरण्या वाढल्या, धूर वाढला, परंतु कामाच्या वेळेला सूर्योदय आणि सूर्यास्त यांपलीकडे मर्यादा राहिली नाही. उन्हाळ्यात ती चौदा तासांपर्यंत जाई. पगार महिना-दीड महिना अडकून राही. आठवड्याची सुटी ठरलेली नव्हती.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात लोखंडे सामील झाले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये ते मुंबईहून चालविण्याची जबाबदारी लोखंडे यांनी पत्करली. त्या काळी कामगाराचे गाऱ्हाणे छापणारे पत्र हीच मुळात नवलाची गोष्ट होती. शेतकरी, मजूर, विधवा, अस्पृश्य यांच्याविषयी जे इतर पत्रे लिहीत नसत ते ‘दीनबंधु’ लिहीत असे. ब्राह्मण विधवांचे केशवपन करण्यास मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये नकार दिला, त्या सभेमागेही लोखंडे होते.

कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ पुरुषाविषयी व स्त्रीविषयी तो जवळजवळ गप्प होता. शिवाय तो लागू होता तो शंभर वा त्याहून अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच. नव्व्याण्णव माणसे राबत असतील तर तेथे कायदा पाऊल टाकीत नसे. या आकड्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८८४ मध्ये सरकारने मुंबईत चौकशी मंडळ नेमले, तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे पाच मागण्या ठरल्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापूर्वी व सूर्यास्तानंतर काम नाही, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि पाचवी, जखमी व अपंग झालेल्यांच्या निर्वाहाची. अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाने ओळखली गेलेली संस्था याच चळवळीतून उभी राहिली. तिला वर्गणी नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती, असे तिचे टीकाकार पुढे दाखवून देत आले आहेत, आणि ते खरे आहे. परंतु कामगार एकत्र येऊन सरकारशी लेखी बोलू शकतो, ही गोष्ट तिने सिद्ध केली.

सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी, दुपारचा विसावा व स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा या गोष्टी आल्या. कायद्याचा आकडा शंभरावरून पन्नासावर आला. पाच मागण्यांपैकी काही पूर्ण, काही अर्धवट पदरात पडल्या. पाचवी मात्र कागदावरच राहिली. इजेची भरपाई देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांची मोठी दंगल झाली. गिरणगावातही तिचे लोण पोचले. त्या दिवसांत लोखंडे यांनी कामगारांत सलोखा घडविण्यासाठी सभा घेतल्या. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. कामगारांचा पुढारी आणि सरकारचा रावबहादूर ही जोडी काहींना विसंगत वाटेल. परंतु त्यानंतरच्या त्यांच्या वागण्यात पदवीने काही फरक पडला नाही, हे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांवरून दिसते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, म्हणजे ज्या भागात लोखंडे एके काळी भांडार सांभाळीत होते त्याच भागात, डॉ. अकॅसियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. धान्याची कोठारे, दाटीची वस्ती, तुंबलेली गटारे आणि मरून पडणारे उंदीर अशी तेथील परिस्थिती होती. साथ तेथून गिरणगावात शिरली. महापालिकेने घरे तपासण्याचे, रुग्णांना वेगळे काढण्याचे अधिकार हाती घेतले. आता येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ही केवळ अडाणीपणाची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या कामगाराला आजवर सरकारी दवाखाना कधी आपल्या आजारात आपला वाटला नव्हता, त्याच्याकडे सरकार प्रथमच आले ते शिपाई घेऊन आणि आईला वा मुलाला उचलून नेण्यासाठी. साध्या दिवसांत ज्याच्याशी नाते जोडले नाही, तो संकटाच्या दिवशी विश्वास कोठून आणणार?

हा विश्वास निर्माण करण्याचा एक मार्ग त्या वेळी निघाला. निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी प्लेगची रुग्णालये उघडली. आपली माणसे शुश्रूषेला आहेत म्हटल्यावर रुग्ण तेथे जाऊ लागले. मराठा समाजातील रुग्णांसाठी असे रुग्णालय उभे करण्याच्या कामात लोखंडे यांनी स्वतःला झोकून दिले. शहरातून लाखो लोक गावाकडे पळत होते. गिरण्यांना माणसे मिळेनात म्हणून मालक रोजच्या रोज पगार देऊ लागले. जी मागणी बारा वर्षे विनवून पूर्ण झाली नव्हती ती मृत्यूने चार महिन्यांत वसूल करून दाखविली. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करताना जडलेल्या प्लेगने लोखंडे गेले. वय पन्नाशीच्याही आत होते. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच रोगाने, तसेच सेवेत असताना गेल्या. सत्यशोधक परिवाराने महिन्याभरात दोन माणसे रुग्णशय्येच्या कडेला गमावली. पुढील काही दशकांत प्लेगने या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

लोखंडे यांच्यानंतर त्यांच्या पाचव्या मागणीला दोन वाटा फुटल्या. एक वाट कामाशी बांधलेल्या विम्याची. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा हे तिचे फळ. मालक आणि कामगार यांनी वर्गणी भरावी आणि आजारपणात औषध व पगाराचा काही भाग मिळावा, अशी ती योजना. दुसरी वाट सर्वांसाठी असलेल्या सरकारी दवाखान्याची. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. पहिली वाट मोजलेल्या कामगाराची, दुसरी न मोजलेल्याचीसुद्धा.

हा न मोजलेला कामगार कोठे आहे हे पाहायचे असेल तर लोखंडे यांच्या जन्मगावाहून फार लांब जावे लागत नाही. ठाण्याच्या शेजारी भिवंडी आहे, आणि ज्याचे नाव तेथील महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीला जोडलेले आहे असा निजामपुरा हा त्या शहराचा जुना भाग. उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी येथे हातमाग आणला, पुढे त्याचा यंत्रमाग झाला. मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले कित्येक माग येथे येऊन पुन्हा चालू झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे काम अधिकच येथे वळले. म्हणजे लोखंडे यांच्या गिरणगावाचे यंत्र येथे आले, परंतु गिरणगावाने मिळविलेले कायदे यंत्राबरोबर आले नाहीत.

ते का आले नाहीत याचे उत्तर त्या आकड्यात आहे. कारखाना कशाला म्हणावे याचा आकडा १८८१ मध्ये शंभर होता, १८९१ मध्ये पन्नास झाला, १९२२ मध्ये वीस आणि १९४८ मध्ये, वीज वापरणाऱ्या जागेसाठी, दहा. अशी सदुसष्ट वर्षांची ही उतरंड होती आणि प्रत्येक पायरीवर आणखी काही माणसे कायद्याच्या छायेत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने तो आकडा पुन्हा वीसवर नेला. कामगार राज्य विम्याची सक्ती दहा माणसांपासूनच आहे. परंतु मागाची एकच शेड कागदोपत्री चार नावांवर वाटली की प्रत्येक नावाखाली दहा माणसे भरत नाहीत. मीटरवर मजुरी घेणारा, बारा-बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा, एकच खोली दोन पाळ्यांत वाटून घेणारा आणि भिशीत जेवणारा हा माणूस, तसेच घरी बसून कांड्या भरणारी त्याची बायको, यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते.

या माणसाचा आजार कसा असतो? सुताच्या तंतूंनी छाती भरते, मागाच्या अखंड आवाजाने कान जातात. हवा न खेळणाऱ्या खोलीत क्षय एकाला झाला की दुसऱ्याला होण्यास वेळ लागत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावाबरोबर भिवंडीतही गोवराची साथ उसळली, आणि ज्या वस्त्यांत लसीकरण अपुरे राहिले होते तेथील मुलांना तिने गाठले. खोकला सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्यात औषध नसेल आणि बाहेरून आणण्याची चिठ्ठी मिळाली तर दुसऱ्या दिवसाचीही बुडते. म्हणून तो जात नाही. गेला तर उशिरा जातो.

या कामगारासाठी आता सरकारी तरतूद हीच पाचव्या मागणीची एकमेव पूर्तता आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. लोखंडे यांच्या गुरूंचे नाव धारण करणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा पाचशेची हजार झाली. या गोष्टी मोठ्या आहेत आणि त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु मोफत या शब्दामागे अर्थसंकल्पातील एक ओळ असते. ती ओळ आखडली की मोफत हा शब्द भिंतीवर तसाच राहतो आणि कपाटातील औषध तेवढे नाहीसे होते.

कपात नेहमी कपात म्हणून जाहीर होत नाही. परिचारिकेची जागा रिकामी ठेवली जाते. मंजूर रक्कम वर्षअखेरपर्यंत खर्च होत नाही. एखादा निधी आपल्या पायावर उभा असतो आणि त्याचा आधारच काढून घेतला जातो. विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी १९७६ पासून विडीवर स्वतंत्र उपकर होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, उपकर गेला आणि सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईचा दवाखाना दरवर्षीच्या सरकारी मर्जीवर आला. कोणीही तो बंद करण्याचा ठराव केला नव्हता.

तिजोरीवर ताण आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. रस्ते, सिंचन, पगार, कर्जाचे व्याज, सर्वांनाच पैसा हवा असतो. विम्याची योजना असताना दवाखान्यांवर वेगळा खर्च कशाला, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर साधे आहे. विम्याची योजना रुग्णालयात दाखल झालेल्याला उपयोगी. खोकला घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्याला ती उपयोगी नाही. क्षय, गोवर, कावीळ या रोगांची लढाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. ती दवाखान्यात, नळावर आणि गटारावर होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. जिल्ह्यातील इतर ठिकाणचा भार एकाच ठिकाणी साचला की काय होते, हे त्या रात्री दिसले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या खर्चाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असे म्हटले होते. महाराष्ट्रासारखे संपन्न राज्य त्या रेषेच्या बरेच खाली राहत आले आहे. जेथे वाढ व्हावयाची तेथे कात्री लावणे याला काटकसर म्हणता येत नाही. खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या वहीतून निघतो आणि सावकाराच्या वहीत जातो.

हे लिहिणारे आणि वाचणारे आपण बहुतेक मोजलेल्या लोकांत येतो. आपल्याला आजारपणाची पगारी रजा असते, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती असते, निदान हजेरीपटावर नाव असते. तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या तरतुदीची बातमी आपण वाचून पान उलटतो. लोखंडे हेही मोजलेल्यांत होते. ते भांडारपाल होते, संपादक होते, रावबहादूर होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये लाखो लोकांप्रमाणे त्यांनाही शहर सोडता आले असते. ते राहिले, कारण रुग्णालय उभे असल्यावाचून कामगार त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते साथ आल्यावर घाईने उभे करण्याची किंमत काय असते हे त्यांना दिसत होते. ती किंमत त्यांनी स्वतः दिली.

दरवर्षी साधारणपणे मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळापुढे येतो. त्यातील आरोग्याचे पान शिक्षकांनी वर्गात उघडावे, कारकुनांनी मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावे, विद्यार्थ्यांनी मंजूर किती व खर्च किती हे आपल्या आमदाराला विचारावे. निजामपुऱ्यातील मागावरच्या माणसाला हे करण्यास सवड नाही. त्याची पाळी चालू असते. आणि कायद्याने कोणाला कितीही आकडे लावून वगळले तरी रोग तसे वगळीत नाही, हे मुंबईने १८९६ मध्येच पाहिले आहे. लोखंडे यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. त्यातील पहिले कलम निकाली निघाले, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पाचव्या कलमावरचा निकाल अजून बाकी आहे.